खंडेनवमीचं यंत्र

“हे कात्रण तुम्हीच जोडलंत?” मी विचारलं.

“व्हय म्याडम, आमीच,” अंबादास पोपळघट म्हणाले आणि खुर्चीत आणखी ताठ बसले. “ती झेरॉक्स हाय. वरिजनल घरी फ्रेम करून लावलंय. पायजे आसंल तर आणून दावतो.”

मी कपाळाला हात लावायची तेवढी राहिले. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. पण तो धोंडा फ्रेम करून भिंतीवर लावणारा मी पहिल्यांदाच पाहत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा मुंबईच्या पेटंट कार्यालयात सहायक नियंत्रक होते. नाव भारदस्त, काम मात्र सासूचं. कुणी नवं यंत्र केलं, नवं औषध काढलं की तो त्याच्या हक्कासाठी अर्ज करतो. आमचा परीक्षक त्यातल्या खोडी काढतो, अर्जदार उत्तरं देतो आणि तरीही काही आक्षेप उरले तर सुनावणी माझ्यासमोर होते. हो किंवा नाही, शेवटचा शब्द माझा. माझी बहीण म्हणायची, “वसू, तुला स्वर्ग दाखवला तरी तू विचारशील, यात नवीन काय?” खोटं नव्हतं ते. नाही म्हणताना मला फारसं जड जात नसे.

पोपळघटांच्या बाबतीत मात्र जड जाणार होतं.

हे गृहस्थ जामखेडचे. जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचं त्यांचं दुकान. त्यांच्या अर्जाचं मथळ्यातलं नाव चांगलं लांबलचक होतं, ‘कालबद्ध तापनियंत्रण असलेले पाकयंत्र’ वगैरे. सरळ सांगायचं तर ते कुरडयांचा चीक शिजवणारं भांडं होतं. ज्यांनी उन्हाळ्यात घरी कुरडया होताना पाहिल्या आहेत त्यांना चीक म्हणजे काय प्रकरण असतं ते सांगायला नको. गहू भिजवून, वाटून, पिळून काढलेला तो पांढरा शुभ्र गाळ उकळत्या पाण्यात सोडला की मागे वळून पाहायची सोय नसते. हाताला विसावा दिलात तर गुठळ्या, आच जरा वाढली तर बुडाला लागला. माझी आई चीक हाटायला बसली की घरात कुणी तिच्याशी बोलत नसे. देवपूजेला बसलेल्या माणसाशी बोललेलं चालायचं, पण चीक हाटणाऱ्या बाईशी नाही.

पोपळघटांच्या यंत्रात भांड्याखाली हीटर होता आणि वर मोटारीवर फिरणारी पळी. एवढ्याने काही कुणी पेटंट देत नाही. खरी गंमत होती ती तापवण्याच्या पद्धतीत. हीटर थोडा वेळ चाले, मग आपोआप बंद होई, पळीही थांबे. चीक झाकणाखाली आपल्याच वाफेवर मुरे आणि मग पुन्हा तापवणं सुरू होई. अशा काही पाळ्या झाल्या की चीक काचेसारखा होऊन तयार. आमचा परीक्षक सेंथिल हुशार मुलगा होता, तमिळनाडूकडचा. त्याने जगभरातले भात शिजवायचे कुकर, दूध तापवायची यंत्रं, खिरीची यंत्रं शोधून काढून आक्षेप घेतले होते. पोपळघटांनी त्या सगळ्यांना उत्तरं दिली होती आणि ती मला पटली होती. पिठाळ पदार्थ मध्ये मध्ये थांबवून, स्वतःच्या वाफेवर मुरवत शिजवणारं त्यातलं एकही यंत्र नव्हतं.

तर पेटंट जवळजवळ त्यांच्या हातात आलं होतं. आणि मग, आपणच हे यंत्र पहिल्यांदा केलं हे मला ठसवावं म्हणून, त्यांनी उत्तराच्या शेवटी ते कात्रण जोडलं. स्थानिक साप्ताहिकातलं. ‘जामखेडच्या कारागिराची कमाल! चीक शिजविणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक पाहण्यास महिलांची तोबा गर्दी.’ खाली झेंडूच्या माळा घातलेल्या यंत्राचा फोटो आणि शेजारी फेटा बांधलेले पोपळघट. तारीख दसऱ्याच्या आसपासची. अर्ज पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतरचा.

कायदा इथे फार कडक असतो. अर्ज करण्यापूर्वी तुम्ही तुमचं यंत्र चारचौघांत चालवून दाखवलंत की ते नवं राहत नाही. मग ते तुम्हीच केलेलं असलं तरी उपयोग नाही. जगाला फुकट दाखवलेली वस्तू परत झाकून तिच्यावर हक्क सांगता येत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वकील लावलेला नव्हता, तालुक्याच्या गावी टायपिंग करणाऱ्या एकाने पुस्तकात पाहून अर्ज भरला होता.

“म्याडम, बातमी आमचीच हाय,” पोपळघट मला समजावू लागले. “आता कुणी म्हणलं का हे यंत्र माजं हाय, तर दावायला पुरावा.”

“कोण म्हणतंय तसं?”

उत्तर शेजारून, त्यांच्या पत्नीकडून आलं. प्रयागाबाई त्यांचं नाव. तोवर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. पन्नाशीच्या, सावळ्या, उजवा हात मांडीवर जरा जपून ठेवलेला.

“एक कारखानदार हाय औरंगाबादचा,” त्या म्हणाल्या. “बघायला म्हणून यंत्र घिऊन गेला. म्हैन्यानं आला आन म्हणला, पेटंट मिळालं तर तुमच्याकडून रीतसर घिऊ. न्हाई मिळालं तर आमचं आमी बनवू, तुमी मोटारी गुंडाळा.”

“तोंडावर म्हणला?”

“चा पिता पिता म्हणला. म्याच केलता चा.”

त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी हाताचं सांगितलं. पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेता घेता, चीक हाटून हाटून, त्यांचा खांदा कामातून गेला होता. डॉक्टरने पळी धरायची नाही म्हणून बजावलं, तेव्हा नवऱ्याने हे यंत्र करायला घेतलं. अर्ज गेल्यापासून त्याच्यावर आळीतल्या बायका काम करत होत्या, उन्हाळाभर. कारखान्याचं यंत्र बाजारात आलं की त्यांची कुणाला गरज उरणार नव्हती.

पण कळवळ्यावर आदेश लिहिता येत नाहीत.

मी जपून विचारायला सुरुवात केली. नियंत्रकाने अर्जदाराला उत्तर सुचवायचं नसतं. ‘असं म्हणा, तसं म्हणू नका’ असं मी एकदा म्हटलं असतं तर शेजारी बसलेल्या सेंथिलने मनातल्या मनात माझी खुर्ची उलटी केली असती, आणि ते बरोबरच झालं असतं.

“बातमीत लिहिलंय की प्रात्यक्षिक झालं. त्या दिवशी लोकांनी नेमकं काय पाहिलं?”

“यंत्र पाह्यलं की. आख्ख्या गावानं!”

“यंत्र पाहिलं की यंत्र चालताना पाहिलं?”

पोपळघट थबकले. त्यांची नजर कात्रणावर गेली. तिथे ठळक अक्षरांत ‘प्रात्यक्षिक’ लिहिलेलं होतं आणि त्या शब्दाला धरूनच ते बोलले.

“पेपरात आलंय त्याप्रमाणंच,” ते म्हणाले.

“पेपरात काय आलंय ते मी वाचलं. मी तुम्हाला विचारतेय.”

“चालताना पाह्यलं.”

झालं. माझ्या हातातलं पेन थांबलं. हे एक वाक्य नोंदीत उतरलं की सगळं आटोपणार होतं.

“खोटं कशाला बोलताव?” प्रयागाबाई म्हणाल्या.

“तू गप ऱ्हा.”

“खंडेनवमीला कोण यंत्र चालवतं हो? त्या दिशी तुमी दुकानातला पकड-पाना उचलू देत न्हाई पोरांना.”

“तुला सांगितलं ना गप ऱ्हा म्हणून? म्याडमपुढं शोभा करती.”

पोपळघटांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी घड्याळाकडे पाहिलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली. चहाची वेळ झालेली नव्हती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

काचेच्या दारातून मला ते दोघे व्हरांड्यात दिसत होते. ऐकू काही येत नव्हतं. पोपळघट हातवारे करून बोलत होते. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या मध्येच एखादं वाक्य बोलत आणि ते पुन्हा दुप्पट हातवारे करत. शेवटी ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. बाईंनी त्यांच्या शर्टाच्या पाठीवरची चुरगळ हाताने सारखी केली आणि दोघे आत आले.

“म्याडम,” पोपळघट बसण्याआधीच म्हणाले, “मघाचं खोडा.”

“काय खोडू?”

“यंत्र चालवलं म्हणलो ते. नव्हतं चालवलं.” त्यांनी फेटा नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. “आता खरं बोलल्यावर पेटंट जातंय तर जाऊ द्या. ही म्हणती, सरकारदरबारी खोटं बोलून आणलेलं कागुद मी घरात लावू द्यायची न्हाई. पेपरवाल्याला म्या आदल्या दिशीच पत्रिका दिलती, यंत्राचं उद्घाटन म्हणून. त्यानं घरी बसूनच लिव्हलं सगळं. प्रात्यक्षिक काय, तोबा गर्दी काय! नवमीला फकस्त फोटो काढाया आला, पेढा खाल्ला आन गेला. यंत्राला नुसतं हळदीकुंकू लावलं आन माळा घातल्या.”

“गर्दी?”

“आमच्या आळीतल्या चार बायका. त्या बी पेढ्यासाठी.”

“पण बातमी आल्यावर तुम्ही खरं का नाही सांगितलं?”

“कुणाला सांगायचं? बातमी वाचून माजी सरपंचानं शाल घातली. चौकात बोर्ड लागला. मंग म्हणलं, बगू, यंत्र तर चालनारच हाय, आज न्हाई तर उद्या.” ते ओशाळं हसले. “दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी चालवलं. सगळा चीक करपला. आख्खी आळी खोकत हुती.”

“करपला?” मी पुढे झुकले. “थांबून थांबून तापवूनही?”

“थांबायचं कुठलं तवा? तवा नुसता हीटर हुता. लावला की तापतोय, तापतोय, तापतोय. थांबायची भानगड पुढं चैत्रात झाली.”

मी सेंथिलकडे पाहिलं. तो केव्हाचा कात्रणावर वाकून बसला होता. त्याला मराठी बोलायला जमे, वाचायला येत नसे. त्यामुळे आम्ही सगळे ज्या ठळक शब्दावर अडकून पडलो होतो तो त्याला दिसतच नव्हता. त्याला फक्त फोटो दिसत होता.

“मॅडम,” तो म्हणाला, “याला वायर कुठे आहे? बघा ना. पिन काढून वर झाकणाला बांधली आहे, त्याच्यावर फूल लावला आहे. आमच्याकडे पण आयुधपूजेला असाच करतात. माझ्या वडिलांची लेथ मशीन आहे, त्या दिवशी हात लावला तर मारतात.”

मी भिंग मागवलं. खरंच होतं. यंत्राची वायर वेटोळं करून झाकणावर ठेवली होती आणि पिनेवर भलामोठा झेंडू खोचला होता. त्या दिवशी ते यंत्र चालणं शक्यच नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला. इतका की मी नियंत्रक आहे हे विसरून मोठ्याने हसले. पोपळघट घाबरून बायकोकडे बघायला लागले.

“गेलं का म्याडम पेटंट?”

“अहो, गेलेलं परत आलं!” मी म्हणाले. मग मी त्यांना समजावून सांगितलं. लोकांनी यंत्र चालताना पाहिलं असतं, त्याची थांबायची रीत चारचौघांना कळली असती, तर मला अर्ज नामंजूर करावा लागला असता. बातमीत फक्त चीक शिजवणारं यंत्र एवढंच आहे. कसं शिजवतं त्याबद्दल अवाक्षर नाही आणि तेव्हा ती रीत अजून सापडलेलीही नव्हती. हे सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या, मूळ फोटो द्या, बाकी मी पाहते.

पोपळघट खुर्चीत मटकन बसले. मग त्यांनी बायकोकडे न बघता, पुटपुटल्यासारखं, “ऐकलं बाबा तुझं, बरं झालं,” असं म्हटलं आणि टेबलावरचं पाणी उचलून घटाघटा प्यायले. ते माझं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. प्रतिज्ञापत्र आलं, फोटो आला आणि पोपळघटांना पेटंट मिळालं. तो कारखानदार रीतसर करार करायला जामखेडला गेला. पण त्या दिवशी सुनावणी तिथे संपली नव्हती. माझ्या सवयीप्रमाणे मी आणखी एक प्रश्न विचारला आणि पुन्हा सगळ्यांना घोर लावला.

“चैत्रात काय झालं? थांबवायचं कसं सुचलं?”

“ते लई मजेशीर हाय,” पोपळघट आता मोकळे झाले होते. “दहा-बारा वेळा करपवल्यावर म्या यंत्र कोपऱ्यात टाकलं हुतं. चैत्रात हिनं परत काढलं. म्हणली, शेवटचं बघू. आन त्या दिशी लाईटीनं नुसता खेळ मांडला. आली की गेली, आली की गेली. म्या वायतागून शिव्या घालत बसलेलो. यंत्र तापाया लागलं की लाईट जायची. आणि ही झाकण उघडून बघती आन म्हणती, लाईटीला शिव्या दिऊ नका, तिला चीक कळतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे चीक झालता! एक गुठळी न्हाई. कुठं लागला न्हाई.”

“आई तसंच करायची,” प्रयागाबाई सहज म्हणाल्या. “जाळ मागं वढायची मधून मधून. चीक दमतो, त्याला दम खाऊ द्यावा म्हणायची. लाईटीनं तेच केलं. म्या ह्यांना म्हणलं, तुमी घड्याळ लावा आन लाईटीसारखं करा. रोज कुठं लाईट आपल्या मनासारखी जाती?”

सेंथिलने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. अर्जात संशोधक म्हणून एकच नाव होतं.

“पोपळघट,” मी म्हणाले, “यंत्राचा जीव आहे तो थांबण्यात. आणि ते थांबणं तुम्हाला सुचलेलं नाही.”

“न्हाईच की,” ते क्षणभरही न घुटमळता म्हणाले. “कॉईल माजी, घड्याळ माजं, जोडणी माजी. थांबायचं डोकं हिचं.”

“मग अर्जात त्यांचं नाव का नाही?”

“नाव?” ते खरोखर बुचकळ्यात पडले. “टायपिंगवाल्यानं इचारलं, यंत्र बनवलं कुणी? म्हणलं, म्या. सुचलं कुणाला असं त्यानं इचारलंच न्हाई. का म्याडम? ह्यानं परत गेलं का काय?”

“नाही, नाही. घाबरू नका.” मला स्वतःलाही धीर द्यायचा होता. “चूक दुरुस्त करता येते. संशोधक म्हणून दोघांची नावं घालायचा अर्ज आत्ताच द्या. पण नोंद व्हायला हवी की तुम्ही स्वतः हे कबूल केलंत. सेंथिल इंग्रजीत लिहून घेतोय. सांगा, ही कल्पना कोणाची?”

“हिची.”

“‘हिची’ असं नोंदीत लिहिता येत नाही.”

“आमच्या मंडळींची.”

“पोपळघट, नाव सांगा.”

त्यांनी छताकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. सेंथिलकडे मदतीच्या आशेने पाहिलं, पण तो पेन टेकवून वाट बघत होता. आख्ख्या गावाच्या गळी खोटी बातमी उतरवणारा, दोन नियंत्रकांना पुरून उरेल असा तो माणूस कान खाजवायला लागला.

“म्याडम, आमच्याकडं घेत न्हाईत नाव बायकोचं. लग्नात एकदा घेतलं हुतं, ते बी लोकांनी दार अडवलं म्हणून.”

“इथेही दार अडलेलंच आहे,” मी म्हणाले.

प्रयागाबाई मान खाली घालून पदराचं टोक सारखं करत होत्या. पदर चांगला सारखा होता.

“प्रयागा,” पोपळघट म्हणाले. इतकं हळू की समोरचा कागदही हलला नाही. मग पुढचं म्हणाले, “प्रयागा पोपळघट. तिचं डोकं हाय ते.”

प्रयागाबाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर मी दिवसभरात पहिल्यांदा पाहिलेलं हसू होतं.

“म्याडमला ऐकू आलं न्हाई वाटतं,” त्या म्हणाल्या. “परत सांगा.”

मला अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. मी पेन खाली ठेवलं.

“हो,” मी म्हणाले, “जरा मोठ्याने.”